बाहुली मोठी करून डोळे तपासायचे आहेत? अर्धा दिवस असा मोकळा ठेवा

‘थेंब नको, आज नुसता नंबर बघा.’ सोलापुरातल्या कुठल्याही डोळ्यांच्या दवाखान्यात थोडा वेळ बसलात तर हे वाक्य कानावर पडतंच. म्हणणाऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. यंत्रमागावरच्या माणसाची दुपारची पाळी बुडते. विडीची मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे दुपार गेली की तेवढे पैसे गेले. मंगळवेढ्याहून एसटीने आलेल्याला परतीची गाडी गाठायची असते, आणि जुळे सोलापुरातून स्कूटरवर आलेल्याला ती स्कूटर घरी न्यायची असते.

अडचण बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांची नसते, आधी न ठरवता जाण्याची असते. चार ते सहा तास जाणार हे धरून निघालात तर ही तपासणी अगदी साधी आहे.

थेंब कशासाठी

डोळ्याच्या मधोमध जो काळा ठिपका दिसतो ती बाहुली. भरपूर उजेडात ती साधारण २ ते ४ मिलिमीटरची असते, आणि तपासणीसाठी प्रकाश टाकला की आणखी आकसते. डॉक्टरांना पाहायचा असतो तो तिच्या मागचा पडदा, त्यातही त्याच्या कडा. कुलपाच्या भोकातून खोलीत डोकावलं तर समोरची भिंत दिसते, कोपरे दिसत नाहीत. इथेही तसंच होतं. थेंबांनी बाहुली ७-८ मिलिमीटरपर्यंत उघडते आणि मग कोपरेही दिसतात.

बाहुलीचे स्नायू दोन: एक तिला आकसवतो, दुसरा ओढून उघडतो. थेंबांतलं ट्रॉपिकामाइड हे औषध पहिल्याला ढिलं करतं आणि फिनाइलेफ्रिन दुसऱ्याला कामाला लावतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दोन्ही औषधं एकाच बाटलीत मिळतात, ट्रॉपिकामाइड ०.८ टक्के आणि फिनाइलेफ्रिन ५ टक्के. जवळचं पाहताना डोळ्यातलं भिंग फुगवणारा एक स्नायू असतो, त्यालाही ट्रॉपिकामाइड काही तास झोपवतं. तपासणीनंतर मोबाइल वाचता येत नाही तो त्यामुळे.

मधुमेहाने पडद्यावर झालेले रक्तस्राव, पडद्याला पडलेली बारीक चीर, मोतीबिंदू किती पिकलाय आणि नेमका कुठल्या थरात आहे, काचबिंदूत डोळ्याच्या नसेची झालेली झीज, वयानुसार पडद्याच्या मध्यभागी होणारे बदल, हे सगळं बाहुली मोठी केल्यावर नीट दिसतं. यातल्या बऱ्याच गोष्टींत सुरुवातीला पेशंटला काहीच जाणवत नाही. पाटीवरची शेवटची ओळ वाचणाऱ्याच्या पडद्यावरही मधुमेहाचे डाग सापडतात. चष्म्याच्या दुकानात होते ती नंबरची तपासणी. ती करून ‘डोळे दाखवून झाले’ असं मानणारे बरेच आहेत, पण त्यात पडदा कुणी पाहिलेलाच नसतो.

कुणी, कधी

दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, म्हणजे मोठ्या वयात होणारा नेहमीचा, निघाला की त्याच वेळी पडदा तपासून घ्यायचा आणि पुढे वर्षातून एकदा. निदान व्हायच्या आधी शुगर किती वर्षं वाढलेली होती हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून वाट पाहायची नाही. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्यांची पहिली तपासणी निदानानंतर साधारण पाच वर्षांनी. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तिमाहीतच, कारण गरोदरपणात पडद्याचा त्रास वेगाने वाढू शकतो.

उणे सहा किंवा त्याहून जास्त नंबर असणाऱ्यांचा पडदा ताणलेला असतो, कडेला पातळ होतो. त्यांनी नेमाने दाखवावं. आईवडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीची वाट पाहू नये. बाकीच्यांनी चाळिशीत एकदा तरी थेंब टाकून संपूर्ण तपासणी करावी आणि पुढचं अंतर डॉक्टरांना विचारावं. पंचविशीतल्या धडधाकट मुलाला फक्त चष्मा बदलायचा असेल तर दर वेळी थेंब लागतातच असं नाही. तिथे ‘यंदा गरज आहे का?’ असं विचारायला काहीच हरकत नाही.

डोळ्यासमोर एकाएकी काळे ठिपके किंवा जाळं तरंगू लागलं, अंधारात वीज चमकल्यासारखं दिसलं किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, तर हा सगळा विचार बाजूला ठेवायचा. त्याच दिवशी जायचं. पडदा सुटत असेल तर दिवस नव्हे, तास मोजावे लागतात.

आदल्या दिवशी

रोजच्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाला. ‘बीपीची पांढरी गोळी’ एवढ्यावर डॉक्टरांना काही कळत नाही. तीन गोष्टी आवर्जून सांगायच्या. हृदयविकार किंवा ताब्यात नसलेलं बीपी असेल तर फिनाइलेफ्रिन टाळून नुसतं ट्रॉपिकामाइड वापरता येतं. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर बाहुली नीट उघडत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनवेळी बुबुळाचा रंगीत पडदा ढिला पडून त्रासही देतो, आणि गोळी मध्यंतरी बंद केली असली तरी हा परिणाम राहू शकतो. घरातले पुरुष ही गोळी डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगत नाहीत. लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध, असं त्यांना वाटतं. तिसरी गोष्ट म्हणजे पूर्वी थेंबांनंतर डोळा दुखला होता का, किंवा ‘तुमचा कोन (डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याची वाट) अरुंद आहे’ असं कुणी म्हटलं होतं का.

जुनं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर त्याचं कार्ड शोधा. फार जुन्या काही ऑपरेशनांत भिंग थेट बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यावर अडकवलेलं असे, आणि अशा डोळ्यात थेंब टाकायचे नसतात. नुकताच डोक्याला मार लागला असेल तर तेही आधी सांगा. मेंदूवर नजर ठेवताना डॉक्टर बाहुलीवरच लक्ष ठेवतात, ती औषधाने मोठी करून चालत नाही.

शेतातून येणाऱ्यांसाठी आणखी एक. धोतरा उपटताना त्याचा रस हाताला लागून तोच हात डोळ्याला गेला तर तेवढ्याच डोळ्याची बाहुली मोठी होऊन बसते. धोतऱ्यात ॲट्रोपिनच्या, म्हणजे बाहुली मोठी करणाऱ्या औषधाच्या, जातीची द्रव्यं असतात. एक बाहुली मोठी, दुसरी लहान असं दिसलं तर डॉक्टरांना आधी मेंदूची शंका येते. बांधावर धोतरा काढला होता हे सांगितलंत तर बरेच तपास वाचतील.

कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर चष्म्यावर जा, किंवा लेन्सची डबी सोबत ठेवा. आणि उपाशी जाऊ नका. रक्ततपासणीसारखं रिकाम्या पोटी जायचं असतं असा बऱ्याच जणांचा समज असतो. मधुमेही माणूस सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन न खाता निघतो आणि दोन-तीन तास बाकावर बसून घाम फुटेपर्यंत शुगर उतरते. नेहमीच्या वेळी खायचं, नेहमीची औषधं घ्यायची, पिशवीत डबा ठेवायचा.

सोबत माणूस हवाच. तो चालता-बोलता असला आणि गाडी चालवणारा असला तर उत्तम.

वेळ निवडायची मुभा असेल तर ऋतू पाहून निवडा. सकाळी दहाला गेलात तर एप्रिल-मेमध्ये बाराच्या सुमाराला सात रस्ता चौकात उभे राहाल, तेही बाहुल्या सताड उघड्या असताना. सोलापूरचं ऊन एरवीही डोळ्यांत खुपतं. उन्हाळ्यात मी तरी संध्याकाळची ओपीडी घेईन आणि रिक्षाने परतेन. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, पण रिक्षात मागे बसणाऱ्याला त्याचं फारसं काही नसतं. सरकारी रुग्णालयाची म्हणजे सिव्हिलची ओपीडी सकाळची असते. डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या या रुग्णालयात नेत्रविभाग आहे, गर्दीही आहे. तिथे जायचं तर रुंद काठाची टोपी किंवा छत्री न्या. गॉगल हवाच, पण तो बाजूने येणारं ऊन अडवत नाही. डोक्यावरचा पदर किंवा टोपीची झाप ते काम जास्त चांगलं करते.

दवाखान्यात, क्रमाने

आधी पाटी वाचायला लावतात, मग नंबर, मग डोळ्यातलं प्रेशर. काही ठिकाणी डोळ्यावर हवेचा फुस्स झोत मारून प्रेशर मोजतात. दचकायला होतं, दुखत नाही. बाहुली उजेडाला कशी आकसते हेही याच वेळी बॅटरीने पाहतात. थेंब पडल्यावर ही तपासणी करता येत नाही, म्हणून ती आधी. मग चिरदिव्याच्या (स्लिट लॅम्प) यंत्रावर हनुवटी टेकवून डॉक्टर पुढच्या भागाचा कोन पाहतात. हा टप्पा महत्त्वाचा. ज्यांचा कोन फार अरुंद असतो त्यांच्यात बाहुली मोठी झाल्यावर आतल्या पाण्याची वाट बंद होऊन प्रेशर झपाट्याने चढू शकतं. असं क्वचित होतं, पण कुणी न बघता थेट बाटली उचलली तर ‘कोन पाहिलात का?’ हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

फोनवर पैसे द्यायचे असतील, कुठे सही करायची असेल, रिक्षावाल्याला लोकेशन पाठवायचं असेल, तर ते सगळं आत्ताच उरका. तासाभराने आकड्यात शून्य किती आहेत ते दिसणार नाही.

थेंब पडले की काही सेकंद चुरचुरतं. डोळे मिटा, चोळू नका. नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने दोन मिनिटं हलका दाबून धरा. औषध नाकावाटे घशात आणि तिथून अंगात कमी उतरतं, घसाही कडू होत नाही. बीपी आणि हृदयाच्या पेशंटनी आणि मुलांच्या आईबापांनी हे नक्की करावं.

मग वीस-तीस मिनिटं थांबायचं. ‘मावशी, डोळे मिटून बसा,’ असं नर्स अधूनमधून बजावत असते आणि मावश्या गप्पा मारता मारता डोळे उघडत असतात. गडद तपकिरी डोळ्यांत बाहुली सावकाश उघडते आणि जुन्या मधुमेह्यांत तर आणखी सावकाश, म्हणून दोन-तीनदा थेंब टाकावे लागतात. शेजारच्याला आधी आत बोलावलं म्हणून वशिल्याची शंका घेऊ नका. त्याची बाहुली लवकर उघडली, एवढंच.

आत गेल्यावर डॉक्टर हातात एक भिंग धरून, कधी कपाळावर दिवा बांधून, वर-खाली, डावीकडे-उजवीकडे पाहायला सांगतात. प्रकाश अतिशय प्रखर असतो, डोळ्यांतून पाणी येतं आणि नंतर काही क्षण सगळं गुलाबी किंवा काळपट दिसतं. ते आपोआप जातं. कडा पाहताना पापणीजवळ हलका दाब दिला तर घाबरू नका.

उठण्याआधी एवढं विचारून घ्या: पडद्यावर मधुमेहाची सुरुवात आहे का, असल्यास कुठल्या पायरीवर? नस कशी आहे? पुढची तपासणी केव्हा? उत्तरं कागदावर लिहून मागा, कारण पुढच्या वर्षी दुसरा डॉक्टर असेल तर तुलना करायला काहीतरी हवं.

शिबिरांत हल्ली थेंब न टाकता कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो काढतात. मधुमेह्यांची पहिली चाळणी म्हणून ते चांगलं आहे आणि कामाचा खाडाही होत नाही. पण मोतीबिंदू असला की फोटो धुरकट येतो, कडेची चीर साध्या फोटोच्या चौकटीत सापडत नाही, आणि फोटोत काही दिसलं तर शेवटी थेंब घालावेच लागतात.

घरी परतताना आणि नंतरचे काही तास

दुचाकी नाही. ‘मला दिसतंय की’ म्हणणाऱ्यांना दूरचं खरंच बऱ्यापैकी दिसत असतं, पण अशोक चौकात समोरून उन्हाची तिरीप आली की पुढचं काहीच दिसत नाही. चारचाकीही नाही. यंत्रमाग, करवत, शिलाई मशीन, हलत्या यंत्राजवळचं कुठलंही काम दुसऱ्या दिवशी. तेंदूपत्ता कात्रीने कापायचं कामही उद्यावर. पानं भिजवून ठेवायची असतील तर ते घरातल्या दुसऱ्या कुणाला सांगा.

जवळचं धूसर किती दिसेल हे ज्याच्या त्याच्या डोळ्यावर आहे. साठीच्या माणसाचं जवळचं आधीच चष्म्यावर असतं, त्याला फार फरक जाणवत नाही. तरुणांना जास्त त्रास होतो. उणे अडीच-तीनचा नंबर असेल तर मात्र गंमत आहे: चष्मा काढा, पुस्तक हातभरापेक्षा जवळ धरा, आरामात वाचता येईल.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या संध्याकाळी सिरिंजवरचे आकडे दुसऱ्याकडून वाचून घ्यावेत. एका रेघेची चूक महागात पडते. जिना उतरताना कठडा धरा. भाजी चिरणं आणि बँकेचे कागद दुसऱ्या दिवशी. टीव्ही पाहिल्याने, मोबाइल पाहिल्याने डोळा बिघडत नाही, फक्त दिसत नाही.

नेहमीच्या थेंबांचा परिणाम चार ते सहा तासांत उतरतो, काहींना दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत लागतो. त्याच दिवशी मिळालेल्या नंबरवर चष्मा करायला टाकायचा की नाही हे विचारा. नंबर थेंबांआधी काढला असेल तर सहसा अडचण नसते. थेंबांनंतर काढलेला नंबर दोन-तीन दिवसांनी पुन्हा पडताळून मगच चष्मा करतात. शुगर फार वर-खाली होत असेल तर नंबरही तिच्यामागे हलतो, तेव्हा आधी शुगर स्थिर होऊ द्या.

रात्री डोळा जोरात दुखू लागला, लाल झाला, त्याच बाजूचं डोकं ठणकलं, उलटी झाली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली तर सकाळपर्यंत थांबू नका. पित्त समजून गोळी घेऊन झोपणं हाच यातला धोका आहे. सरळ तातडीच्या विभागात जा आणि ‘आज डोळ्यात बाहुली मोठी करण्याचे थेंब टाकले होते’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

मुलांचं थोडं वेगळं

लहान मुलांचा जवळचं पाहण्याचा स्नायू इतका जोरदार असतो की तो खरा नंबर लपवतो. अधिक (प्लस) नंबरचं मूल पाटी धडाधड वाचतं आणि घरी डोकं दुखतं म्हणून रडतं. म्हणून मुलांना सायक्लोपेंटोलेट किंवा होमॅट्रोपिनचे थेंब घालतात, आणि तिरळेपणा असेल किंवा मूल अगदी लहान असेल तर ॲट्रोपिनचं मलम घरी लावायला देतात. सायक्लोपेंटोलेट दिवसभर राहतं, होमॅट्रोपिन एक ते तीन दिवस, ॲट्रोपिन आठवडा ते दोन आठवडे. परीक्षेच्या आठवड्यात ही तपासणी ठेवू नका आणि शाळेत बाईंना चिठ्ठी द्या, नाहीतर वही जवळ धरली म्हणून बोलणी बसतील.

ॲट्रोपिनचं मलम तांदळाच्या दाण्याएवढंच, डॉक्टरांनी सांगितलं तितक्याच वेळा. लावून झालं की स्वतःचे हात आणि बाळाचे गाल पुसून घ्या, नळी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. हे औषध घाम कमी करतं. सोलापूरच्या मे महिन्यात हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: मलमानंतर मुलाचा चेहरा लाल झाला, अंग तापलं, तोंड कोरडं पडलं, मूल असंबद्ध बडबडायला लागलं तर मलम थांबवा, मुलाला थंड जागी घ्या आणि लगेच डॉक्टरांना कळवा. नंबर फार मोठा नसेल तर तपासणी पावसाळ्यापर्यंत ढकलता येईल का, हे विचारून पाहायला हरकत नाही.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांचं मात्र काहीही ढकलायचं नाही. ३४ आठवड्यांआधी जन्मलेलं किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत बाहुली मोठी करून त्याचा पडदा पाहायचा असतो. २८ आठवड्यांआधीचं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात. त्या वेड्यावाकड्या वाढू लागल्या तर लेझरने किंवा इंजेक्शनने थांबवता येतात, पण त्याची मुदत फार थोडी असते. बाळ अजून काचेच्या पेटीत असेल तर तपासणी तिथेच होते. घरी आणलं असेल तर सुट्टीच्या कागदावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख लिहिलेली आहे का ते पाहा. नसेल तर बाळ सव्वा महिन्याचं झाल्यावर बाहेर काढू, असं म्हणत बसू नका. तोवर तारीख उलटून गेलेली असते.